७८ च्या तबकड्यांची तालिका कशी करावी: संगीत विभागातल्या नव्या इंटर्नसाठी

मोठ्या ग्रंथालयाच्या संगीत विभागात इंटर्न म्हणून येणारी मराठी मुलंमुली बहुतेक वेळा नाट्यपदं ऐकतच मोठी झालेली असतात. त्यांच्या नोंदी बिघडतात त्या त्यामुळेच. लेबलवर एक असतं, डोक्यात दुसरं असतं, आणि बोटं डोक्यातलं टाइप करतात. बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस, हे पद यमनातलं, हे नाटक १९१६ चं, ही सगळी माहिती खरी असते. पण ती भलत्या फील्डमध्ये, आधार न देता जाऊन बसते. मग हे तबकडीवर छापलेलं होतं की नोंद करणाऱ्याला ठाऊक होतं, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.

खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे म्हणून एकच नियम आहे. तबकडी जे सांगते ते एका जागी लिहायचं, आपल्याला जे ठाऊक आहे किंवा शोधून सापडलं ते दुसऱ्या जागी, आणि त्याचा आधार शेजारी.

हे मार्गदर्शन शेलॅकच्या, म्हणजे लाखेपासून केलेल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या तबकड्यांपुरतं आहे. त्यातही मराठी नाट्यसंगीत, भावगीतं आणि हिंदुस्थानी गायकी डोळ्यांसमोर ठेवली आहे. सॉफ्टवेअर कोहा आणि नोंदीचा साचा मार्क २१ असं धरलं आहे, कारण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हीच जोडी असते. मार्कमधल्या प्रत्येक फील्डला तीन आकडी क्रमांक असतो; खाली ५६१, २४५ असे आकडे येतील ते हेच. स्वरलिपीची पुस्तकं, एलपी आणि कॅसेटी यांचे तपशील वेगळे आहेत, ते इथे नाहीत.

पायरी १: टेबल आणि हात

सकाळी तबकड्यांची ट्रॉली टेबलाशी आणण्याआधी टेबल रिकामं करा. चहाचा कप, पाण्याची बाटली, डबा, सगळं दुसऱ्या टेबलावर. टेबलावर जाड फेल्ट किंवा स्वच्छ सुती कापड पसरा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

लागणारं सामान एवढंच: पेन्सिल, छापील वर्कशीट, मोजपट्टी, छोटी बॅटरी, भिंग, मऊ केसांचा कोरडा ब्रश आणि आम्लविरहित कागदाची नवी पाकिटं. टेबलावर पेन ठेवूच नका. शाईचा एक ठिपका लेबलवर पडला की तो कायमचा.

ट्रॉलीवर एका वेळी थोड्याच तबकड्या घ्या. शेलॅक जड असतं आणि ठिसूळही. दहा-बारा तबकड्यांची चळत एका हातात धरून दुसऱ्या हाताने दार उघडायला जाऊ नका.

पायरी २: तबकडी पाकिटातून बाहेर काढणं

पाकीट थोडं फुगवा, तबकडी तिच्या वजनाने हळूच तळहातावर येऊ द्या. धरायची ती कडेला आणि लेबलवर. खोबणींना बोट लागता कामा नये. दोन बोटांनी कड चिमटीत पकडून ओढू नका. जुन्या तबकडीला कडेशी केसासारखा बारीक तडा असेल तर तो तेवढ्यानेच लेबलपर्यंत जातो.

बाहेर काढल्यावर बॅटरीचा उजेड तिरका पाडून पाहा. तडा, कडेचा टवका, ओरखडे, बुरशीचे ठिपके दिसतात. खोबणी काळीभोर चमकायच्या ऐवजी राखाडी दिसत असतील तर पोलादी सुयांनी ती तबकडी खूप वाजवून झिजली आहे, असं समजा. हे सगळं वर्कशीटच्या 'स्थिती' या रकान्यात लिहा. हे त्या एका प्रतीबद्दलचं आहे, गाण्याबद्दलचं नाही, म्हणून कोहात ते प्रतीच्या म्हणजे आयटमच्या टिपेत जातं.

> सावधान: शेलॅकला स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे यांतलं काहीही लावू नका. अल्कोहोलमध्ये शेलॅक विरघळतं. इंटर्नने फक्त कोरडा ब्रश, खोबणीच्या दिशेने. ओली स्वच्छता जतन विभागाकडे.

> सावधान: मूळ तबकडी 'ऐकून बघायला' म्हणून चावीच्या ग्रामोफोनवर किंवा घरच्या एलपी प्लेअरवर लावू नका. ७८ च्या खोबणीला सुमारे ३ मिलची सुई लागते (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची सुई तिच्या जवळपास एक तृतीयांश असते, ती खोबणीच्या तळाशी खरवडत जाते. ऐकायचं असेल तर डिजिटल प्रत आहे का, ते विचारा.

तबकड्या परत ठेवताना उभ्या आणि सरळ ठेवा. तिरक्या टेकवलेल्या किंवा एकीवर एक रचलेल्या तबकड्या वाकतात.

पायरी ३: आधी कागदावर, मग संगणकावर

ही पायरी बहुतेकांना वेळखाऊ वाटते आणि ते थेट कोहा उघडून बसतात. तसं केलं की एका नोंदीसाठी तीच तबकडी चार वेळा आत-बाहेर होते. वर्कशीट नीट भरलं तर तबकडी एकदाच बाहेर निघते.

दोन्ही बाजूंसाठी वेगळा रकाना करा आणि लेबल वरून खाली, जसंच्या तसं उतरवा. जसंच्या तसं म्हणजे शुद्धलेखनासकट, लिपीसकट, 'मास्टर', 'मिस', 'प्रोफेसर', 'बाई', 'बी. ए.' या बिरुदांसकट. लेबलवर रोमन लिपी असेल तर रोमनच लिहा. देवनागरी आणि रोमन दोन्ही असतील तर दोन्ही, कुठल्या ओळीत कुठली लिपी आहे त्या खुणेसह.

त्यानंतर नंबर. इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

लेबलवर मोठ्या अक्षरात असतो तो विक्रीचा नंबर. कंपनीच्या सूचिपत्रात आणि दुकानात तबकडी याच नंबराने ओळखली जायची. दोन्ही बाजूंना गाणी असलेल्या तबकडीला हा साधारणपणे एकच असतो. त्याच्या आधीची अक्षरं, म्हणजे 'पी', 'एन' वगैरे, नंबराचाच भाग आहेत. ती गाळू नका. ग्रामोफोन कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर याशिवाय प्रत्येक बाजूचा वेगळा नंबरही सापडतो. तोही लिहा.

मॅट्रिक्स नंबर निराळा. तो मूळ ध्वनिमुद्रणाचा नंबर. लेबल आणि शेवटची खोबणी यांच्यामध्ये कोरी गुळगुळीत पट्टी असते, तिथे तो दाबलेला किंवा कोरलेला असतो. कधी तो लेबलखालून उठून आलेला दिसतो, कधी लेबलवरच बारीक अक्षरात छापलेला असतो. बॅटरी अगदी आडवी धरली, तबकडी सावकाश फिरवली, की आकडे सावलीने उमटतात. प्रत्येक बाजूचा मॅट्रिक्स नंबर वेगळा असतो. त्यापुढे छोटा आकडा किंवा अक्षर असेल तर तेही लिहा. एकच पद गायकाने दोनदा म्हटलेलं असेल तर कोणती खेप छापली, ते त्यावरून कळू शकतं.

याचा उपयोग असा: तेच ध्वनिमुद्रण कंपनीने पुढे नव्या विक्री-नंबराने पुन्हा काढलं तर लेबल बदलतं, मॅट्रिक्स तोच राहतो. दोन तबकड्यांवर एकच पद आहे म्हणून ते एकच गायन आहे, असं होत नाही. मॅट्रिक्स जुळला तरच ते म्हणता येतं.

शेवटी पाकीट. कागदी पाकिटावर कंपनीच्या जाहिराती आणि दुकानदाराचे शिक्के असतात. पाकिटं वर्षानुवर्षं अदलाबदल झालेली असतात, त्यामुळे पाकिटावरून कंपनी, गायक किंवा साल ठरवू नका. दुकानाचा शिक्का, आधीच्या मालकाची सही, 'चि. अमुकच्या मुंजीनिमित्त भेट' असा मजकूर मात्र वर्कशीटवर नक्की उतरवा. तो ५६१ मध्ये, त्या प्रतीच्या मालकीचा इतिहास म्हणून जातो. जुनी पाकिटं परवानगीशिवाय टाकून देऊ नका.

> तपासणी: तबकडी पाकिटात परत ठेवण्याआधी वर्कशीटवर या सहा गोष्टी आहेत का पाहा: दोन्ही लेबलांचा मजकूर, विक्रीचा नंबर, दोन मॅट्रिक्स नंबर, मोजलेला व्यास, स्थिती, दाखल क्रमांक. व्यास मोजायचाच, अंदाजाने लिहायचा नाही. बहुतेक तबकड्या १० इंची असतात, काही १२ इंची.

पायरी ४: नोंद आधीच आहे का?

नवी नोंद सुरू करण्याआधी शोध घ्या, आणि तो शीर्षकाने नाही, नंबराने. एकच पद 'नाथ हा माझा', 'नाथ हा माझा मोही खला' आणि रोमनमधल्या तीन-चार स्पेलिंगांनी टाइप झालेलं असू शकतं. नंबर तितका फसवत नाही. तरी अक्षरं आणि आकडे यांच्यामध्ये जागा सोडून आणि न सोडता, असा दोनदा शोध घ्या.

नंबर सापडला तर दोन्ही बाजूंची पदं आणि मॅट्रिक्स जुळवून बघा. जुळले तर नवी नोंद नको, असलेल्या नोंदीला फक्त एक प्रत जोडा. मॅट्रिक्स जुळत नसेल तर वर्कशीटवर खूण करून ते मार्गदर्शकांकडे न्या. हा निर्णय इंटर्नने एकट्याने घ्यायचा नसतो.

पायरी ५: साचा निवडा, मगच अक्षर टाइप करा

कोहात नवी नोंद उघडली की मूळ फ्रेमवर्क (फील्डांचा तयार साचा) समोर येतं आणि ते पुस्तकासाठी जुळवलेलं असतं. ते न बदलता काम केलं की तबकडी वाचकाला शोधात 'पुस्तक' म्हणून दिसते. आधी ध्वनिमुद्रणाचा फ्रेमवर्क निवडा, मग लीडरमधलं, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या संकेत-ओळीतलं, ०६ हे स्थान तपासा. तिथे संगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी 'जे' हवा. 'आय' म्हणजे संगीत नसलेलं ध्वनिमुद्रण: भाषण, कीर्तनातलं नुसतं निरूपण, नाटकातला संवाद. 'सी' म्हणजे छापील स्वरलिपी. नाट्यप्रवेशाच्या तबकड्यांवर संवाद आणि पद दोन्ही असतात, तिथे जास्त भाग कशाचा आहे ते पाहून ठरवा आणि टीप लिहा.

००७ मध्ये तबकडीचं भौतिक वर्णन संकेताक्षरांत जातं. ७८ च्या वेगाला 'डी', रुंद खोबणीला 'एस', १० इंचाला 'डी', १२ इंचाला 'ई'. दोनदा 'डी' येतो तो वेगवेगळ्या स्थानांवर, आणि अर्थही वेगळा. यादी उघडून निवडा, पाठांतरावर जाऊ नका. ३०० मध्ये हेच वाचकाला समजेल असं: १ ध्वनितबकडी, ॲनालॉग, ७८ आरपीएम, १० इंच.

कालावधीचं फील्ड आहे ३०६, सहा आकड्यांचं: तास, मिनिटं, सेकंद. सव्वातीन मिनिटांचं पद म्हणजे ०००३१५. डिजिटल प्रत ऐकून वेळ मोजली असेल तरच ते भरा. १० इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि म्हणून सगळे तेच भरून टाकतात. अंदाजाने भरलेल्या ३०६ पेक्षा रिकामं ३०६ बरं. शिवाय सुरुवातीच्या काळातल्या सगळ्या तबकड्या बरोबर ७८ च्या वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत. वेग चुकला की कालावधीही बदलतो आणि गायकाची पट्टीही.

> सावधान: कीबोर्ड मराठीवर असला की आकडे देवनागरीत पडतात. लीडर, ००७, ००८, ०२८ आणि ३०६ मध्ये रोमन आकडेच हवेत. ०२८ मध्ये देवनागरी आकडे गेले तर नंबराने शोधणाऱ्याला ती तबकडी सापडतच नाही, आणि पडद्यावर नोंद बरोबर दिसत असल्यामुळे चूक महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

तबकडीचे नंबर ०२८ मध्ये जातात, आणि ते पुन्हा पुन्हा वापरता येतं. पहिल्या निर्देशकात (फील्डच्या क्रमांकापुढच्या पहिल्या चौकटीत) ० दिला तर विक्रीचा नंबर, १ दिला तर मॅट्रिक्स. म्हणजे दोन बाजूंच्या एका तबकडीला सहसा तीन ०२८ होतात. 'बी' उपफील्डमध्ये लेबलचं नाव जसं छापलंय तसं: हिज मास्टर्स व्हॉइस, ओडियन, कोलंबिया, यंग इंडिया. लेबलवर कुत्र्याचं चित्र आहे म्हणून आपल्या मनाने कंपनीचं पूर्ण नाव घालू नका.

पायरी ६: शीर्षक

पुस्तकाला एक शीर्षक असतं, तबकडीला बहुधा दोन. तबकडीला मिळून एक नाव नसेल तर २४५ मध्ये आधी पहिल्या बाजूचं पद आणि अर्धविरामानंतर दुसऱ्या बाजूचं. दुसऱ्या पदासाठी स्वतंत्र शोधमार्गही द्या, नाहीतर फक्त पहिलं पद शोधात चांगलं सापडतं. पहिली बाजू कोणती हे लेबलवर नसेल तर लहान मॅट्रिक्स नंबराची बाजू आधी घ्यायची की आणखी काही, हे विभागाच्या नियमावलीत पाहा. काही ठिकाणी प्रत्येक बाजूची वेगळी नोंद करतात. पहिल्याच दिवशी हे विचारून घ्या.

एकच पद दोन्ही बाजूंना 'भाग १' आणि 'भाग २' असं विभागलेलं असेल तर ते एकच शीर्षक. त्याची दोन पदं करू नका.

आता अनुस्वार. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि 'नाहीं', 'कोठें', 'मीं' यांवरचे उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. बऱ्याचशा तबकड्या त्याआधीच्या. लेबलवर 'कोठें' असेल तर २४५ मध्ये 'कोठें'च हवं. ते 'कोठे' करून सुधारणं ही इंटर्नची सर्वांत नित्याची, आणि सद्‌भावनेने केलेली, चूक आहे. आजच्या लेखनातलं रूप २४६ मध्ये पर्यायी शीर्षक म्हणून द्या. वाचक कुठल्याही रूपाने शोधो, तबकडी सापडेल, आणि मूळ रूपही टिकेल.

रोमन लेबलांचंही तसंच. २४५ मध्ये लेबलवरचं रोमन स्पेलिंग, कितीही विचित्र असलं तरी; २४६ मध्ये देवनागरी रूप. ते देवनागरी रूप स्मरणातून नको, नाटकाच्या छापील प्रतीतून घ्या. मोठ्या ग्रंथालयात काम करण्याचा हा खरा फायदा आहे. ज्या नाटकातलं पद, ते नाटक बहुधा दोन मजले खाली कपाटात असतं. संगीत नाटकाच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि कित्येकदा 'चाल' म्हणून दुसऱ्या पदाची ओळ छापलेली असते. ते पान वर्कशीटवर नोंदवा, पुढच्या दोन पायऱ्यांत कामाला येतं.

गोव्यातल्या कोकणी गाण्यांची लेबलं रोमी लिपीत असतील तर तिथेही हाच नियम. देवनागरीत बदलून लिहू नका. भाषेचा संकेतही मराठीचा नाही, कोकणीचा.

पायरी ७: नावं आणि कोणाचं काम काय

लेबलवर सहसा एक नाव असतं, गायकाचं. पण नाट्यपदामागे निदान चार भूमिका असतात: गाणारा, पद लिहिणारा, चाल लावणारा आणि नाटककार. या एकमेकांत मिसळल्या की नोंद वाया जाते.

'स्वयंवर' नाटकात नाटक आणि पदं दोन्ही कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. 'मानापमान'ची पदंही खाडिलकरांची, पण चाली गोविंदराव टेंब्यांच्या. 'एकच प्याला' राम गणेश गडकऱ्यांचं, मात्र त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. इंटर्न 'एकच प्याला' वाचतो आणि गीतकार म्हणून गडकरी टाकून मोकळा होतो. नाटककार आणि पदकार एकच असं कधीही गृहीत धरू नका. लेबलवर नसलेली ही नावं ७०० मध्ये, म्हणजे व्यक्तींच्या नावांच्या फील्डमध्ये, भूमिकेसह येऊ शकतात, पण आधाराची टीप ५०० मध्ये हवीच: 'पदकाराचं नाव नाटकाच्या छापील आवृत्तीवरून.'

पात्र म्हणजे गायक नव्हे. रुक्मिणीचं पद बालगंधर्वांनी म्हटलं तर ५११ मध्ये, म्हणजे गायक-वादकांच्या टिपेत, बालगंधर्व. लेबलवर 'हार्मोनियम व तबल्याच्या साथीसह' एवढंच असेल तर साथीदारांची नावं ऐकीव माहितीवर भरू नका. वाद्यं ३८२ मध्ये द्या, नावं सोडा. सुरुवातीच्या काळात काही गायिका तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव सांगत. गौहरजान यांचं 'माय नेम इज गौहरजान' प्रसिद्धच आहे. डिजिटल प्रतीत असं ऐकू आलं तर तो पक्का पुरावा असतो, फक्त 'ध्वनिमुद्रणातील उद्‌घोषणेवरून' असं लिहा.

मग येते नावाच्या अधिकृत रूपाची गोष्ट, म्हणजे ऑथॉरिटी फाइल. लेबलवरचं रूप ५११ मध्ये, अधिकृत रूप ७०० मध्ये. 'मास्टर दीनानाथ' लेबलवर, 'मंगेशकर, दीनानाथ, १९००–१९४२' ७०० मध्ये. इथले ठरलेले खड्डे असे:

'गंधर्व' टाइप केलं की यादीत बालगंधर्व (१८८८–१९६७), सवाई गंधर्व (१८८६–१९५२), छोटा गंधर्व (१९१८–१९९७) आणि कुमार गंधर्व (१९२४–१९९२) एकाखाली एक येतात. घाईत एक ओळ खाली क्लिक होतं आणि रामभाऊ कुंदगोळकरांची (सवाई गंधर्वांची) तबकडी सौदागर गोऱ्यांच्या (छोटा गंधर्वांच्या) नावावर जाते. क्लिक केल्यावर जन्म-मृत्यूची सालं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ही बिरुदं अखंड आहेत; 'गंधर्व, बाल' असं उलटून लिहायचं नसतं.

रोमनमधून परत देवनागरीत येताना 'ड' आणि 'र' फसवतात. हिराबाईंचं आडनाव रोमनमध्ये 'बरोडेकर' वाचता येईल असं छापलेलं असतं, म्हणून कोणी 'हिराबाई बारोडेकर' अशी नवीच व्यक्ती तयार करतो. त्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९). नवं नाव फाइलीत घालण्याआधी निदान तीन स्पेलिंगांनी शोधा. लग्नाआधीचं नाव, रंगभूमीवरचं नाव, घरातलं नाव, सगळी रूपं एकाच अधिकृत नोंदीखाली पर्यायी रूपं म्हणून बांधायची असतात. ज्योत्स्ना भोळे यांचं माहेरचं आडनाव केळेकर, हे त्यांच्या नोंदीत असलं की पूर्वीच्या नावाने शोधणाराही तिथेच पोचतो.

> तपासणी: ७०० मधल्या प्रत्येक नावाला भूमिका दिली आहे का? लेबलवर नसलेल्या प्रत्येक नावाला ५०० मध्ये आधार आहे का? नसेल तर ते नाव काढा.

पायरी ८: राग, ताल, भाषा

रागासाठी मार्कमध्ये वेगळं फील्ड नाही. विभागाने ठरवलेली जागा वापरा, बहुधा ५०० ची टीप आणि विषय-शीर्षक. मजकूर असा: 'लेबलवर राग: यमन.' लेबलवर राग नसेल आणि तो नाटकाच्या पुस्तकातून घेतला असेल तर तसं लिहा. तुमच्या कानाला वेगळा राग वाटत असेल, तुम्ही गाणं शिकलेले असलात तरीही, लेबलवरचं नाव बदलू नका. शंका वर्कशीटवर लिहा. जाणकाराने निर्णय दिला तर दुसरी टीप जोडायची. पहिली तशीच राहते. लेबलवरचं रागाचं नाव चुकीचं असू शकतं, पण कंपनीने ते तसं छापलं हीसुद्धा माहितीच आहे.

भाषा गाण्याच्या शब्दांवरून ठरवा, गायकावरून नाही. मराठी गायकाच्या ख्यालाची बंदिश ब्रज किंवा हिंदी असते. एका बाजूला नाट्यपद आणि दुसऱ्या बाजूला ठुमरी असेल तर ०४१ मध्ये दोन्ही भाषा, 'डी' उपफील्डमध्ये.

पायरी ९: साल

लेबलवर साल जवळपास कधीच नसतं. आणि रिकामी जागा दिसली की ती भरायची घाई होते.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचं साल म्हणजे तबकडीचं साल नव्हे. 'स्वयंवर' रंगभूमीवर आलं १९१६ मध्ये. त्यातली पदं पुढे अनेक वर्षं मुद्रित होत राहिली. गायकाच्या निधनाचं सालही शेवटची मर्यादा नाही. दीनानाथ मंगेशकर १९४२ मध्ये गेले म्हणून त्यांची तुमच्या हातातली प्रत त्याआधीच छापलेली असेल असं नाही. ध्वनिमुद्रण कधी झालं, ते ५१८ मध्ये. ही तबकडी बाजारात कधी आली, ते २६४ मध्ये. एकाचं साल दुसऱ्यात घालू नका.

सालाचे पुरावे या क्रमाने पाहा: कंपनीची त्या काळची सूचिपत्रं, छापील डिस्कोग्राफी (ध्वनिमुद्रणांच्या सूची), वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, मग आजूबाजूच्या नंबरांच्या तबकड्या. विजेच्या मायक्रोफोनने मुद्रण १९२५ पासून सुरू झालं, त्याआधी गायक भोंग्यात गात. ध्वनीतला हा फरक जाणकाराला ओळखता येतो, पण नुसत्या कानाने दशक ठरवण्याचं काम इंटर्नचं नाही. भारतात १९६० च्या दशकातही ७८ च्या तबकड्या निघत होत्या, म्हणून 'शेलॅक म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीची' हा हिशेबही बरोबर नाही.

नक्की साल मिळालं नाही तर चौकटी कंसात पट्टा द्या आणि प्रश्नचिन्ह ठेवा: [१९२५ ते १९३५ दरम्यान?]. ००८ मध्ये तारखेचा प्रकार 'क्यू' आणि दोन्ही टोकांची सालं. पट्टा कशावरून ठरवला, ते ५०० मध्ये एका वाक्यात. पट्टा रुंद झाला म्हणून संकोच नको. अरुंद आणि चुकीचा पट्टा संशोधकाला भलत्या दशकात पाठवतो.

पायरी १०: जतन करण्याआधी आणि निघण्याआधी

नोंद जतन करण्याआधी वर्कशीट शेजारी ठेवून २४५ आणि ०२८ अक्षरन्‌अक्षर मोठ्याने वाचा. शक्य असेल तर शेजारच्या इंटर्नने वर्कशीट वाचावं आणि तुम्ही पडदा पाहावा. ५ आणि ६, ३ आणि ८ यांची अदलाबदल डोळ्यांना दिसत नाही, कानाला लगेच कळते. मग वाचकाच्या बाजूचा शोध उघडा आणि आपलीच नोंद तीन वाटांनी शोधून बघा: नंबराने, दुसऱ्या बाजूच्या पदाने, गायकाच्या नावाने. तिन्ही वाटांनी सापडली तरच ती पूर्ण झाली.

शंकांची यादी दिवसभर साठवा आणि ताई किंवा सर जे कोणी नोंदी तपासत असतील त्यांच्यापुढे संध्याकाळी एकदम ठेवा. दर दहा मिनिटांनी उठून विचारलं की त्यांचंही काम तुटतं, तुमचंही. प्रत्येक शंकेपुढे दाखल क्रमांक, फील्ड आणि तुम्ही काय काय पाहिलंत ते असू द्या. 'हे कळलं नाही' एवढंच लिहिलं तर त्यांना पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो.

लेबलांचे फोटो आणि डिजिटल प्रतींचे तुकडे फोनवर घेऊन घरच्या किंवा रसिकांच्या ग्रुपवर टाकू नका. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, पदाच्या आणि चालीच्या हक्काचा हिशेब त्याहून वेगळा, आणि देणगीदाराशी ग्रंथालयाचा करार आणखी वेगळा. फोटो कामासाठी हवा असेल तर विभागाच्या कॅमेऱ्यावर, दाखल क्रमांकाची पट्टी शेजारी ठेवून.

निघताना ट्रॉली मोजा. बाहेर आलेल्या तबकड्या आणि परत पाकिटात गेलेल्या तबकड्या यांचा आकडा जुळला पाहिजे. प्रत्येक नव्या पाकिटावर दाखल क्रमांक पेन्सिलीने, आणि तो तबकडी आत घालण्याआधीच लिहिलेला. तबकडी आत असताना पाकिटावर लिहिलं तर पेन्सिलीचा दाब खोबणीपर्यंत पोचतो.